वाचक विचारतात : गोबरगॅसपासून सिनगॅस का नाही करत?

प्रश्न : सिन्नरजवळ आमचा गोठा आहे, गोबरगॅस घरात वापरून पण उरतो. मुलगी नाशिकला एमएस्सी केमिस्ट्री करते, ती म्हणते मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून सिनगॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण) होतो आणि आपल्या गॅसमध्ये तर दोन्ही आयतेच आहेत. मग अडतं कुठे? कॅटॅलिस्ट (अभिक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक) फार महाग असतो का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय. याला ड्राय रिफॉर्मिंग म्हणतात, फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२८ मध्येच यावर काम केलं होतं. दोन्ही वायूंचा एकेक रेणू घेतला की कार्बन मोनॉक्साइडचे दोन आणि हायड्रोजनचे दोन मिळतात. फक्त उष्णता प्रचंड खाते, एका मोल (साधारण १६ ग्रॅम) मिथेनमागे २४७ किलोज्यूल, म्हणून रिअॅक्टर ७०० ते ९०० अंशांवर ठेवावा लागतो.

कॅटॅलिस्ट महाग नाही, निकेल चालतं. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी नॅचरल गॅसचं वाफेबरोबर रिफॉर्मिंग होतं त्यातही निकेलच असतं. पण तिथे कार्बन साचू न देणारी वाफ भरपूर असते, इथे नसते, आणि खरी गोची तीच. मिथेन निकेलवर येऊन फुटतो, हायड्रोजन सुटतो, कार्बन मागे राहतो, आता कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन वेळेत तिथे पोचला तर तो मोनॉक्साइड होऊन निघून जातो, नाही पोचला तर साचतच जातो. नुसता थर बसत नाही हो, कार्बनचे बारीक तंतू वाढतात, ते निकेलचे कण आधारावरून, म्हणजे निकेल ज्याच्यावर बसवलंय त्यावरून, उचलून काढतात आणि शेवटी नळीच चोक होते. जिथे रिअॅक्टर जरा थंड पडतो तिथे मोनॉक्साइडही उलटा फुटून आणखी काजळी धरतो. रोडियम, रुथेनियमवर हा त्रास खूप कमी, पण त्यांचे भाव बघितले की विषय संपतो.

म्हणून मला वाटतं धातूपेक्षा आधी आधार बघावा. मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) अल्कधर्मी, कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं, शिवाय निकेल ऑक्साइड त्यात पूर्ण मिसळतं त्यामुळे कण बारीक राहतात. सेरिया (सेरियम ऑक्साइड) स्वतःचा ऑक्सिजन देऊन कार्बन जाळतं, लँथनाचाही (लँथेनम ऑक्साइड) चांगला उपयोग होतो. कण दहा नॅनोमीटरच्या आत राहिले तर काजळी कमी, पण निकेल १४५५ अंशांना वितळत असलं तरी साधारण ६०० पासूनच कण सरकून एकमेकांना चिकटायला लागतात.

तुमच्या गॅसचं आणखी एक, त्यातला हायड्रोजन सल्फाइड. तो अगदी थोडा असला तरी निकेल निकामी करतो, आधी गॅस आयर्न ऑक्साइडमधून सोडून तो काढून टाकावाच लागतो. आणि मिथेन साधारण ६० टक्के, कार्बन डायऑक्साइड ४० धरला तर मिथेन जास्त पडतो, म्हणून थोडी वाफ सोडावी, काजळीही कमी आणि हायड्रोजनही जास्त.

गोठ्यावर मात्र हे करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो. उरलेल्या गॅसवर जनरेटर चालवा, नाशिक महापालिकेनेही हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला कुजवून त्या गॅसची वीजच करायचं ठरवलं होतं. मुलीने कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या देखरेखीखाली प्रोजेक्ट जरूर करावा, पण पहिल्या तासाचं कन्व्हर्जन (किती गॅस बदलला ते प्रमाण) बघून खूश होऊ नये, रन लांब घ्यावा आणि शेवटी कॅटॅलिस्टवर किती कार्बन बसला ते टीजीएवर (तापवत वजनातला बदल मोजणारं यंत्र) मोजावं.