सांडपाणी प्रक्रियेचे काम कसे शिकावे?

प्रश्न : मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करण्यासाठी आणखी काय शिकावे?

उत्तर : सूक्ष्मजीवशास्त्राची जोड अवश्य द्या, कारण सांडपाण्यातील सेंद्रिय घाण संपवण्याचे खरे काम जिवाणू करतात आणि त्यांना पुरेसा प्राणवायू मिळत राहील हे पाहणे चालकाच्या हाती असते. प्रत्यक्ष केंद्रावरील उमेदवारी मात्र, माझ्या मते, कोणत्याही प्रमाणपत्राहून मोलाची आहे. वायुवीजन टाकीतील (जिथे जिवाणूंना हवा पुरवली जाते त्या टाकीतील) मिश्रण 1 लिटरच्या मोजपात्रात 30 मिनिटे स्थिर ठेवून गाळ कितपत खाली बसतो हे रोज पाहिले, की टाकीची प्रकृती नजरेला कळू लागते. बंदिस्त जागेत साचणारा हायड्रोजन सल्फाइड प्राणघातक असतो आणि त्याचे प्रमाण वाढल्यावर वासही येईनासा होतो. म्हणून सुरक्षेचे प्रशिक्षण सर्वांत आधी घ्या.