वाचकांचे प्रश्न: क्रुगरमध्ये तंबूत राहताना

प्रश्न: जूनमध्ये आम्ही चौघे दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. तंबू इथून न्यावा की तिथलाच घ्यावा? (नाशिक)

उत्तर: पहिल्याच खेपेला तिथला उभा तंबू घ्या. ताडोबात आपण गाभा क्षेत्राबाहेर उतरतो आणि जिप्सीने आत जातो. क्रुगरमध्ये मुक्कामही जंगलातच असतो आणि गाडी स्वतः चालवता येते. उद्यानाच्या ऑर्पेन फाटकाजवळच्या टांबोटी कॅम्पमध्ये जाड कॅनव्हासचे तंबू आहेत, आत खाटा आणि अंथरूण-पांघरूण मिळतं. बऱ्याच तंबूंना न्हाणीघर सामाईक आहे. अशा साध्या तंबूंत भांडी मिळतील असं धरून चालू नका; पातेलं, ताटल्या, सुरी जवळ ठेवा. आरक्षण ११ महिने आधी खुलं होतं आणि चांगले तंबू लगेच संपतात.

स्वतःचाच तंबू लावायचा असेल तर साटारा कॅम्प बघा. नाव आपल्या साताऱ्यासारखं वाटतं, पण जमीन मोजणी करणाऱ्याच्या भारतीय मदतनिसाने उच्चारलेल्या ‘सतरा’ या आकड्यावरून ते पडलं, असं सांगतात. एका जागेवर सहा जणांपर्यंत राहता येतं. बहुतेक ठिकाणी जागेचा क्रमांक ठरवून देत नाहीत, म्हणून प्रवेश सुरू होतो तेव्हा, दुपारी दोनच्या सुमारास, पोहोचलात तर मनासारखी जागा मिळते. जूनमध्ये तिथे हिवाळा असतो, तेव्हा जमीन दगडासारखी होते आणि अल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात, म्हणून लोखंडी खुंट्या आणि हातोडा हवाच. काट्यांनी हवेची गादी फुटते, खाली जाड ताडपत्री अंथरा. वीज घ्यायची तर कॅराव्हॅनचा निळा तीन पिनांचा प्लग लागतो. घरचा प्लग तिथे बसत नाही. सॉसेज ट्रीखाली तंबू कधीच लावू नका. त्याची लांबट फळं काही किलोंची असतात आणि तंबूचं कापड ती अडवू शकत नाही.

आफ्रिका म्हणून सुती कपडेच भराल तर कुडकुडाल. जूनमध्ये पहाटे पारा दहा अंशांखाली जाऊ शकतो. स्वेटर आणि कानटोपी घ्याच.

प्रश्न: रात्री सिंह, तरस तंबूपाशी येतात का? (पुणे)

उत्तर: मुख्य कॅम्पना विजेचं कुंपण आहे. तरस कुंपणाबाहेरून फिरताना दिसतात. क्वचित बिबट्या आत शिरल्याचंही घडलं आहे, म्हणून रात्री न्हाणीघरात जाताना टॉर्च आणि बंद बूट वापरा. विंचू-सापासाठीही तेच उपयोगी.

खरा त्रास व्हर्व्हेट माकडं, बॅबून ही मोठी माकडं आणि हनी बॅजर हा छोटा मांसभक्षी प्राणी यांचा. तुम्ही चहा गाळायला वळलात तेवढ्यात टेबलावरची ब्रेडची पिशवी जाते. तंबूत केळी ठेवली तर चेन उघडायची वाट न पाहता ते कापडच फाडतात. शिधा कुलूपबंद गाडीत ठेवा, काचा पूर्ण वर करा. फ्रिज बाहेर असेल तर त्याची कडी प्रत्येक वेळी लावा. उष्टं, कांद्याची सालं आणि रिकामे डबे झाकणाच्या कचरापेटीत लगेच टाका. हनी बॅजर रात्री पेट्या उलथवतो, त्यामुळे कचऱ्याची पिशवी तंबूच्या दारात ठेवून झोपू नका. आणि हात जोडून विनंती, कोणत्याही प्राण्याला काहीही खायला घालू नका. माणसाच्या अन्नाला चटावलेला बॅबून आक्रमक होतो आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते.

गॅसचं छोटं नळकांडं विमानात चालत नाही. ते तिथेच विकत घ्या.

प्रश्न: फाटकाच्या वेळा चुकल्या तर? (ठाणे)

उत्तर: चुकवूच नका. जूनमध्ये कॅम्पची फाटकं संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. ऑर्पेन ते साटारा ४८ किलोमीटर आहे, डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५०, कच्च्यावर ४०. हत्तींचा कळप आडवा आला तर अर्धा तास तिथेच जातो. ऑर्पेनमधून साडेतीनपर्यंत आत शिरा.

हिवतापाचा धोका ऑक्टोबर ते मेमध्ये जास्त, जूनमध्ये कमी, पण असतोच. गोळ्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात, त्यामुळे डॉक्टरांना तीन-चार आठवडे आधी भेटा.