ॲपने खरंच संमोहन होतं का?

आयबीएससाठी, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाच्या तक्रारी असलेल्या आतड्याच्या जुनाट त्रासासाठी, तुम्ही संमोहनाचं ॲप घेतलंय. ते मध्येच थांबून प्रश्न विचारतं आणि तुमच्या उत्तराप्रमाणे पुढे जातं. याने खरंच काही होतं की नुसतं मनाचं समाधान, असं तुम्ही विचारलंय.

मी समुपदेशक आहे, कामात संमोहन वापरते. होतं, हे माझं स्पष्ट मत. संमोहनात कुणी तुमच्या मनाचा ताबा घेत नाही. लक्ष एकवटून मिळालेली सूचना अनुभवायची असते, आणि ते तुम्हीच करता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये संमोहनक्षमता मोजायची चाचणी तयार केली. तिच्यात १२ सूचना ठरलेल्या मजकुरातून जशाच्या तशा वाचायच्या आणि प्रतिसाद टिपायचा. ठरलेला मजकूर आणि टिपलेला प्रतिसाद, म्हणजे ॲप करतं तेच की!

प्रश्न विचारणारं ॲप मला नुसत्या ऑडिओपेक्षा म्हणूनच बरं वाटतं. ‘हात हलका होऊन वर उचलला जातोय’ ही सूचना घ्या. ऑडिओ पुढे निघून जातो, हात मांडीवरच राहतो, आणि ‘मला जमत नाही’ हा विचार डोक्यात बसतो. थांबून विचारणारं ॲप ‘नाही’ ऐकून तीच सूचना वेगळ्या वाटेने देऊ शकतं. पण तुमचा श्वास अडकला, डोळ्यांत पाणी आलं, तर ते त्याला दिसत नाही. माझ्यासमोर असं झालं की मी थांबते. म्हणून जुना मोठा मानसिक आघात असेल, भास होत असतील किंवा फिट्स येत असतील, तर हे एकट्याने करू नका.

आयबीएसवर तर जुना आधार आहे. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ३० रुग्णांवर केलेल्या चाचणीत संमोहनाचा चांगला उपयोग दिसला. अमेरिकेत रेग्युलोरा या संमोहनाच्या ॲपला एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये आयबीएसच्या पोटदुखीसाठी परवानगी दिली. त्यात ७ सत्रं तीन महिन्यांत करायची असतात, तेव्हा दोन दिवसांत सोडून देऊ नका. मात्र शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर आधी डॉक्टर.

आणि ॲप इंग्रजीत असून उच्चार समजून घेण्यातच लक्ष जात असेल, तर मराठी बोलणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडे जा आणि सत्र रेकॉर्ड करून मागा. आम्ही आनंदाने देतो.