केक-बिस्किटांसाठी विकतची आयसिंग शुगर आणि घरी दळलेली पिठीसाखर एकच का?

एकच नव्हे. "साखर ती साखर, मिक्सरला फिरवली की झालं" हे माझ्या मोठ्या जाऊबाईंचं वाक्य मी इतकी वर्षं ऐकतेय की तुमचा प्रश्न दिसल्यावर लिहिल्यावाचून राहवेना.

आमच्याकडे दिवाळीची नानकटाई गल्लीतल्या बेकरीतूनच भाजून आणतात. घरून सगळं साहित्य न्यायचं, ट्रे लावायचे, भट्टीपाशी नंबर धरायचा. त्या वर्षी जाऊबाईंनी साखर घाईघाईत दळली आणि चाळलीच नाही. तूप फेसताना मी चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं, तर कण चक्क टोचत होते. म्हटलं, मैद्याच्या चाळणीतून काढू या. "अगं, भट्टीत विरघळते सगळी!" झालं. नानकटाई दिसायला बरी झाली, पण प्रत्येक घासाला दाताखाली कचकच. आणि खापर फुटलं भट्टीवाल्यावर, म्हणे भट्टी नीट तापली नव्हती!

त्याचा काय दोष? नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो आणि साखर तुपात विरघळत नाही. ती वितळते साधारण १८६ अंशांना, आणि नानकटाई आपण १६०-१७० ला भाजतो. म्हणजे जो कण जाड गेला तो जाडच बाहेर येणार. तुमच्या घरीही कुणी ऐकत नसेल तर वाद घालू नका, त्यांच्यासमोर दळलेली साखर चाळा आणि चाळणीत उरलेला रवाळ भाग त्यांच्या हातावर ठेवा.

विकतची आयसिंग शुगर घरच्यापेक्षा खूप बारीक असते आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात ३ ते ५ टक्के कॉर्नफ्लोअर असतं. बटरक्रीमला तीच आणा, मिक्सरची खरखर क्रीममध्ये लपत नाही. नानकटाईला घरची उत्तम. भांडं कोरडं ठक्क हवं, थोडी थोडी साखर दळा, साठवायची असेल तर कपाला चमचाभर कॉर्नफ्लोअर घाला. मिक्सरमधून गरम निघालेली पूड लगेच तुपात घालू नका, तूप पातळ होतं. आणि वजनावर मापा. एक कप साखरेची पूड जवळजवळ पावणेदोन कप भरते, तिथेच बऱ्याच जणींचं प्रमाण चुकतं.

हो, आणि लोणी फेसून करायच्या केकला पिठीसाखर नको. तिथे बारीक दाणाच हवा, तो लोण्यात हवा धरतो. पुडीने केक दडस होतो.

बेसनाच्या लाडवांना मात्र पाकिटातली कधीच घालू नका, मला तरी कॉर्नफ्लोअरची कच्ची चव लगेच कळते. घरची दळा, वस्त्रगाळ करा आणि भाजलेलं बेसन कोमट झाल्यावरच मिसळा.