थंडीतल्या टाइट्स आणि काचणारी कंबर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवसभर खुर्चीवर बसून काम असते. जाड टाइट्स घातल्या की दुपारपर्यंत कमरेला लाल वळ उठतात आणि जेवणानंतर पोट आवळल्यासारखे होते. एक साइज मोठी घेऊन पाहिली, तरी फरक नाही. नेमके काय बघून घ्यावे?

उत्तर : टाइट्सची साइज बहुतेक वेळा उंची आणि वजन यांच्या तक्त्यावरून ठरते. कमरेचा घेर त्यात वेगळा धरलेला नसतो. त्यामुळे साइज वाढली की पाय लांब होतात, मांडीशी जागा मिळते, पण वरचे इलॅस्टिक कित्येकदा तेवढेच घट्ट राहते. साइजच्या अक्षरापेक्षा कमरेचा पट्टा कसा बनवला आहे, हे बघणे जास्त महत्त्वाचे.

पहिली गोष्ट पट्ट्याची रुंदी. इलॅस्टिकचा ताण तेवढाच ठेवून तो दीड सेंटिमीटरऐवजी 8 सेंटिमीटरवर पसरला, तर त्वचेवरचा दाब साधारण पाचपटीने कमी होतो. वळ उठतात ते बारीक इलॅस्टिकमुळे. दोन पदरी, विणीचाच रुंद पट्टा असेल तर तोच ताण जाणवतसुद्धा नाही. 6 ते 10 सेंटिमीटर रुंदी चांगली. मात्र इथे एक फसगत होते. रुंद दिसणाऱ्या पट्ट्याच्या वरच्या काठात कधीकधी एक बारीक, कडक इलॅस्टिकचा दोरा ओवलेला असतो आणि सगळा जोर त्या एका रेषेवर येतो. पट्ट्याच्या काठावरून चिमटीत बोटे फिरवा. आत सुतळीसारखे काही लागले, तर त्या टाइट्स ठेवून द्या.

दुसरी गोष्ट, स्वतःचे माप बसून घ्या. उभे राहून घेतलेला कमरेचा घेर आणि खुर्चीवर सैलावून बसल्यावरचा घेर यांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तुमचा दिवस बसण्यात जातो. टेप पोटाच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्या, श्वास रोखू नका. आता टाइट्स टेबलावर न ताणता सपाट ठेवा, पट्टा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडवा मोजा आणि दुप्पट करा. हा आकडा बसल्यावरच्या घेराच्या पाऊणपट किंवा थोडा जास्त असेल तर पट्टा धरून राहील, काचणार नाही. बसल्यावरचा घेर 84 असेल तर सपाट पट्टा साधारण 31-32 सेंटिमीटर हवा. 25-26 भरला तर तो दुपारी नक्की त्रास देणार. शिवाय पट्टा दोन्ही हातांनी ताणून बघा. नितंबांच्या घेराइतका तो फारसा जोर न लावता ताणला गेला पाहिजे, कारण घालताना तो तिथूनच वर यायचा असतो.

पाकिटावर ‘कंट्रोल टॉप’, ‘शेपिंग’, ‘टमी कंट्रोल’ असे शब्द असतील तर ते पोट दाबण्यासाठीच विणलेले असते. आराम हवा असेल तर हे शब्द टाळायचे. ‘कम्फर्ट वेस्ट’ असे लिहिलेले असले तरी मोजणे सोडू नका.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. अंतर्वस्त्राचे इलॅस्टिक, टाइट्सचा पट्टा आणि वरच्या स्कर्टचा किंवा पँटचा पट्टा हे तिन्ही एकाच रेषेवर बसले की दोष टाइट्सना जातो. टाइट्सचा पट्टा बेंबीच्या वर जात असेल तर वरचा कपडा खाली कंबरेच्या हाडावर बसणारा घ्या. नाहीतर उलट करा. तेवढ्याने कधीकधी सगळा प्रश्न मिटतो.

प्रश्न : माझ्या टाइट्स काचत नाहीत, पण पट्टा गुंडाळत खाली येतो आणि आसन मांड्यांच्या मध्ये लोंबते. सारखे वर ओढावे लागते. पट्टा सैल आहे का?

उत्तर : नाही. बहुधा पायांची लांबी किंवा आसनाची उंची तुम्हाला कमी पडते आहे. कापड ताणले जाते आणि जिथून सुटणे सोपे, तिथून म्हणजे कमरेकडून खाली ओढले जाते. पट्टा घट्ट केला तर तो काचेलही आणि गुंडाळेलही.

तपासायला पुढून मागेपर्यंतचे माप घ्या. कमरेवर जिथे पट्टा हवा तिथून दोन्ही पायांमधून मागे कमरेपर्यंत टेप फिरवा. टाइट्स सपाट ठेवून पुढच्या काठापासून आसनावरून मागच्या काठापर्यंत न ताणता मोजा. तुमच्या मापापेक्षा हे चौथाईहून जास्त कमी असेल, तर दिवसभर ओढाताण होणारच. अशा वेळी एक साइज वरची घेणे खरोखर उपयोगी पडते. आसनात वेगळा चौकोनी किंवा लांबट तुकडा शिवलेला असेल तर अधिक चांगले. तो तुकडा चालताना ताण वाटून घेतो, आणि आसनातली शिवण एकाच बिंदूवर खेचली जात नाही.

घालण्याची पद्धतही बघा, कारण पुष्कळदा दोष तिथेच असतो. बसून एक पाय पंजापर्यंत गोळा करा, टाच नीट टाचेवर बसवा आणि गुडघ्यापर्यंत आणा. मग दुसरा पाय तसाच. दोन्ही गुडघ्यांपर्यंत आल्यावरच उभे राहून मांड्यांवर घ्या. आता पट्टा ओढू नका. आधी घोट्यापासून वरपर्यंत तळहातांनी कापड थोडे थोडे वर सरकवत आणा, आसन जागेवर बसवा आणि शेवटी पट्टा उलगडा. थेट पट्ट्याला धरून वर खेचले की कापड पोटऱ्यांपाशी ताणलेले राहते आणि तासाभरात सगळे परत खाली येते. नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी धरायचे.

हे सगळे करूनही घसरत असेल तर टाइट्सवरून एक सैल, सुती अंतर्वस्त्र घाला. दिसत नाही, काचत नाही, आणि आसन जागेवर राहते.

प्रश्न : महागाच्या लोकरी टाइट्स आहेत. पाय उत्तम बसतात, फक्त कमरेचे इलॅस्टिक जीवघेणे आहे. खुर्चीच्या पाठीवर ताणून ठेवले, दोन दिवसांनी पुन्हा तसेच. कापून टाकू का?

उत्तर : थेट कात्री लावू नका. विणीचे कापड कापले की टाके सुटत खाली धावतात आणि टाइट्स हातच्या जातात. खुर्चीवर ताणणे टिकत नाही, कारण इलॅस्टेनचा, म्हणजे कापडातल्या ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, गुणच मूळ लांबीला परत येण्याचा आहे. धुतले की उरलासुरला सैलपणाही निघून जातो. इस्त्रीने गरम करून सैल करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उष्णतेने इलॅस्टेन मरते, पट्टा लाटांसारखा वाकडातिकडा होतो आणि मग टाइट्स कमरेवर थांबतच नाहीत.

आधी पट्टा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा.

इलॅस्टिक नेफ्यात मोकळे सरकत असेल तर काम सोपे आहे. मागच्या बाजूला आतून 3 सेंटिमीटर शिवण उसवा, जुने इलॅस्टिक कापून बाहेर काढा. त्याच रुंदीचे, पण विणलेल्या जातीचे मऊ इलॅस्टिक आणा. गोफासारखे गुंफलेले इलॅस्टिक ताणल्यावर अरुंद होते आणि दोरीसारखे रुतते, म्हणून ते नको. नवे इलॅस्टिक बसलेल्या स्थितीत कमरेभोवती गुंडाळा आणि घसरणार नाही एवढेच आवळा. ही लांबी सहसा घेरापेक्षा 4-5 सेंटिमीटर कमी भरते. जोडासाठी 2 सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. एका टोकाला सेफ्टी पिन लावून ओवा आणि दुसरे टोक नेफ्याच्या तोंडाशी टाचून ठेवा, नाहीतर तेही आत ओढले जाते. पीळ पडला नाही ना ते चाचपून बघा, टोके एकमेकांवर ठेवून झिगझॅग टीप मारा आणि तोंड हाताने शिवून टाका. वजन कमी-जास्त होत असेल तर काजे असलेले इलॅस्टिक घाला. लहान मुलांच्या पँटला असते तसे आतून बटण लावले की घेर हवा तेव्हा बदलता येतो.

इलॅस्टिक कापडावरच शिवलेले असेल तर शिवणयंत्र लागेल. इलॅस्टिकच्या खाली अर्धा सेंटिमीटर सोडून सगळीकडे झिगझॅग टिपेची एक ओळ आधी मारा. वीण त्या ओळीवर अडली की खाली धावत नाही. ही ओळ मारताना कापड हलके ताणून धरा. मग ओळीच्या वरचे इलॅस्टिक कापून टाका. त्या जागी सुती-इलॅस्टेन जर्सीचा, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या विणीच्या कापडाचा, पट्टा लावायचा. तयार पट्टा 8 सेंटिमीटर हवा असेल तर 18 सेंटिमीटर उंचीचा तुकडा कापा. दोन पदरांचे 16 आणि शिवणीचे 2. लांबी बसलेल्या घेराच्या नऊ-दशांश, अधिक 2. जर्सी आडवी जास्त ताणते ती बाजू कमरेभोवती आली पाहिजे, हे चुकले तर नवा पट्टा जुन्यापेक्षा वाईट काचेल. पट्ट्याचे आणि टाइट्सचे प्रत्येकी चार समान भाग करून टाचण्या लावा, खुणेला खूण जुळवा आणि आखूड बाजू ताणत शिवा. सुई गोल टोकाची, जर्सीसाठी असते ती. साधी टोकदार सुई विणीचे धागे तोडते. टीप बारीक झिगझॅग किंवा स्ट्रेच. सरळ टीप मारली तर पहिल्यांदा घालतानाच तटातट तुटेल.

पट्टा आणि पाय एकसंध विणलेले असतील तर पट्टा बदलता येत नाही, पण मागे मध्यावर कळी घालता येते. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटरवर, 10 सेंटिमीटर लांब झिगझॅगच्या दोन ओळी मारा आणि खालच्या टोकाला आडवी ओळ देऊन बंद करा. मधोमध कापा आणि वर 5 ते 6 सेंटिमीटर रुंद, खाली निमुळता होणारा जर्सीचा त्रिकोण बसवा. आत वरचा कडक दोरा असेल तर तो इथेच तुटतो, आणि आराम मुख्यतः त्यानेच मिळतो.

प्रश्न : 100 डेनियरच्या टाइट्स 60 पेक्षा उबदार असतातच ना? मग काही जाड टाइट्समध्येही पाय गार का पडतात?

उत्तर : डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. तो धाग्याचा जाडपणा सांगतो. ऊब मात्र कापडात अडकलेल्या हवेतून येते. गुळगुळीत नायलॉन 100 डेनियरचे असले तरी हवा फारशी धरत नाही, तर आतून घासून लव काढलेले कापड किंवा लोकर धरते. आणि अति घट्ट घातले की तीच लव दबते, हवा निघून जाते, मोजे बूट सगळे अंगाला चिकटते. गार पाय आणि काचणारी कंबर पुष्कळदा एकाच आखूड साइजमुळे असतात.

लोकर टोचत असेल तर धाग्याचा दोष बघा. साधारण 30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टोचतात, मेरिनो मेंढीच्या लोकरीचे बारीक तंतू 17 ते 19 मायक्रॉनचे असतात. थंडीत त्वचा कोरडी असली की खाज आणखी वाढते. क्रीम लावून ते पूर्ण जिरल्यावरच टाइट्स घाला.

प्रश्न : पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, नेमका पट्ट्याच्या रेषेवर. कोणतेही इलॅस्टिक सहन होत नाही.

उत्तर : गरोदरपणासाठीच्या टाइट्स बघा. पुढे मऊ, सैल कापडाचा मोठा भाग असतो आणि वरचा काठ पोटाच्या वर, व्रणापासून दूर जातो. गरोदर नसतानाही त्या चालतात. पुढे थोडे कापड सुरकुतेल एवढेच. तेही नको असेल तर मांडीपर्यंतचे लोकरी मोजे आणि त्यावर नाडीची सैल थर्मल पँट. नाडी हवी तेवढीच आवळता येते, इलॅस्टिकला ते जमत नाही. मांडीवर सिलिकॉनच्या पट्टीने धरणारे मोजे घ्यायचे तर आधी तासभर घालून बघा. काहींच्या त्वचेला सिलिकॉन सोसत नाही.

प्रश्न : नव्या असताना छान बसतात, महिन्याभरात पट्टा कुठे सैल, कुठे घट्ट. धुण्यात चूक आहे का?

उत्तर : बहुधा. उलट्या करून, जाळीच्या पिशवीत, 30 अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यात धुवा. क्लोरीनचे ब्लीच आणि ड्रायरची उष्णता दोन्ही इलॅस्टेनला मारक. सॉफ्टनर नको. लोकरीला लोकरीचाच साबण, कारण नेहमीच्या पावडरीतली प्रथिने फोडणारी एन्झाइम लोकरही खातात. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पट्ट्याला चिमटे लावून वाळत घातले की ओल्या पायांचे सगळे वजन दोन बिंदूंवर येते आणि तिथेच पट्टा सैलावतो. मधोमध घडी घालून दांडीवर टाका, लोकरी असतील तर सपाट पसरा.

प्रश्न : टाइट्स घातल्या की उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो. कापडाची ॲलर्जी असेल का?

उत्तर : ॲलर्जीने खाज आणि पुरळ येते, बधिरपणा नाही. मांडीच्या बाहेरच्या त्वचेची संवेदना नेणारी नस कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते. घट्ट पट्ट्याने ती दबली की बधिरपणा, मुंग्या किंवा जळजळ होते. त्या टाइट्स आजपासून बंद करा. सैल कपडे घालूनही काही दिवसांत उतरले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. घट्ट पट्ट्याने छातीत आंबट जळजळ वाढत असेल तरी हाच नियम. आणि डॉक्टरांनी दिलेले दाबाचे मोजे असतील तर त्यांना वरची कुठलीही दुरुस्ती स्वतः करू नका. त्यांचा दाब घोट्याशी जास्त, वर कमी असा मोजून दिलेला असतो. काचत असतील तर माप पुन्हा घ्यायला सांगा.