लहान मेंदू म्हणजे नेमके काय?

प्रश्न : आमच्या एका नातेवाइकांच्या एमआरआय अहवालात ‘सेरेबेलम’ असा शब्द आहे. डॉक्टर त्याला लहान मेंदू म्हणतात, तर शाळेच्या पुस्तकात अनुमस्तिष्क असे छापलेले आहे. हे एकच आहेत का? मेंदूची वाढ कमी झाली आहे, असा तर याचा अर्थ नव्हे ना?

उत्तर : तिन्ही नावे एकाच भागाची आहेत आणि मेंदूची वाढ खुंटण्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. कवटीच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली आणि मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या पाठीमागे बारीक आडव्या घड्यांचा जो भाग असतो, तो लहान मेंदू. ‘लहान’ हे विशेषण केवळ आकारमानापुरते खरे आहे. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या जेमतेम एक दशांश भरतो. परंतु मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास पेशी एकट्या त्याच्यातच असतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर फ्लुरांस यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मेंदू काढलेल्या कबुतरांना हालचाल करता येत होती, मात्र तिच्यात मेळ राहिला नव्हता. दवाखान्यात आजही हेच तपासले जाते. रुग्णाला स्वतःच्या नाकाला आणि मग डॉक्टरांच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायला सांगतात. लहान मेंदूत बिघाड असेल, तर हातात पुरेशी ताकद असूनही बोट लक्ष्याजवळ पोहोचताना अधिकच थरथरते किंवा पुढे निघून जाते. मोठ्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या इजेचा परिणाम शरीराच्या डाव्या बाजूवर दिसतो. लहान मेंदूच्या बाबतीत तो सहसा त्याच बाजूला दिसतो, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे.

बोलताना ‘लहान मेंदू’ आणि शास्त्रीय लेखनात ‘अनुमस्तिष्क’ हा वापर योग्यच आहे. मात्र डोक्याच्या मागे मार लागून कोणी बेशुद्ध पडले, की ‘लहान मेंदूला मार लागला’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते अचूक नव्हे. शुद्ध टिकवण्यात मस्तिष्कस्तंभाचा मोठा वाटा असतो आणि श्वासाचे नियंत्रणही तेथूनच होते. लहान मेंदूला सूज आली, तर त्याच स्तंभावर दाब येऊ शकतो, म्हणून ती गंभीर मानतात. अहवालात ‘सेरेबेलर अ‍ॅट्रोफी’ असेल, तर मराठीत ‘लहान मेंदू आक्रसला आहे’ असे म्हणावे. नुसते ‘मेंदू लहान आहे’ म्हटल्यास ऐकणाऱ्याचा तुमच्यासारखाच गैरसमज होईल.