‘हे चर्चचं काम नव्हे’

“न्याय-बिय मागत फिरणं हे राजकारण झालं, विश्वास नव्हे. त्याला जरा समजवा ताई.” ख्रिस्ती घरातल्या पालकांकडून हे मी इंदूरमध्ये समुपदेशन करताना पुष्कळदा ऐकते. त्यातली ही एक आई. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

आई निवृत्त शिक्षिका, माहेर नगरकडचं, घर रामबागेत. मुलगा सव्वीस वर्षांचा, खासगी नोकरीत. सेप्टिक टँक साफ करताना गुदमरून गेलेल्या एका मजुराच्या बायकोसाठी तो संध्याकाळी कचेऱ्यांचे खेटे घालत होता. ठेकेदाराने तिच्या हातावर थोडे पैसे टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेतला होता. गटार किंवा टाकी साफ करताना मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाखांची भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती 30 लाख केली. त्या बाईच्या कानावर यातलं काहीच नव्हतं.

पहिली भेट वचनांच्या फैरीत गेली. आई म्हणाल्या, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहिलंय. मुलाने न्याय मागणारे बायबलमधले संदेष्टे काढले: आमोस काढला, मीखा काढला. मी ख्रिस्ती नाही, पण असते तरी पंच झाले नसते. शास्त्रार्थात निकाल लागला की हरलेला माणूस पुन्हा येत नाही.

माझं लक्ष भलतीकडेच होतं. साडेसहा वाजून गेल्यावर आईंचा हात सारखा पर्समधल्या फोनकडे जात होता, आणि मुलगा तर शेजारच्याच खुर्चीत बसलेला!

दुसऱ्या भेटीत विचारलं, “तो उशिरा आला की डोळ्यांसमोर काय येतं?”

“बस,” त्या म्हणाल्या. बराच वेळ एवढंच.

सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीची बस. भूमिहीन मजुरांना, आदिवासींना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी त्या उदयनगरला काम करत. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला यायला निघाल्या, आणि वाटेत बसमध्येच त्यांच्यावर हल्ला झाला. बस थांबवून, बाहेर ओढून त्यांना ठार केलं. 2017 मध्ये इंदूरमध्येच त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं.

“आम्ही कॅथलिक नाही. पण तेव्हा मी नवीन नवरी होते, आठवडाभर झोप नव्हती. पुढे तिच्या बहिणीने मारेकऱ्याला राखी बांधली. मला नाही जमायचं ते.”

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “आई, माझ्या टेबलावर तिचाच फोटो आहे. तू रोज पुसतेस.”

त्यानंतर आमोसही निघाला नाही आणि रोमकरांस पत्रही नाही. भीतीवर बोलता आलं. त्यांची दुसरी भीती धर्मांतराच्या आरोपाची. मध्य प्रदेशात त्याबाबत 2021 चा कडक कायदा आहे, तेव्हा ‘काही होत नाही हो’ म्हणून मी ती उडवून लावली नाही. ठरलं ते साधंच: बाईची भेट चर्चच्या आवारात नको, कागदपत्रं वकिलामार्फत, तिला रोख मदत त्याने द्यायची नाही, कचेरीत एकट्याने जायचं नाही, आणि निघताना आईला एक मेसेज. शेवटच्या अटीवर तो कुरकुरला. “मी काय शाळेत आहे?” मी म्हटलं, “नाही, पण त्या अजून 1995 मध्ये आहेत.”

वडील एकदाही आले नाहीत. त्यांच्या मते पाळकसाहेबांनीच पोराला बिघडवलंय, आणि यावर माझ्याकडे औषध नाही.

अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. मागच्या महिन्यात आई एकट्याच आल्या. वकिलांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दाखवली, त्याखाली त्यांच्या सुबक अक्षरात त्या बाईच्या मुलीचं नाव आणि ‘इयत्ता चौथी’.

“गणित कच्चं आहे हो पोरीचं,” म्हणाल्या. “मी तिच्या घरी जाऊन शिकवलं तर केसला काही बाधा येईल का, ते तुमच्या ओळखीच्या कुणाला विचाराल?”